सावंत सरांची दुसरी वही

सावंत सर माणसाला समोरून ओळखत नसत, बाजूने ओळखत. बाजारात मी त्यांच्या अगदी पुढ्यात उभी राहून "नमस्कार" म्हटलं, तरी ते क्षणभर चाचपडायचे. पण भाजीवाल्याकडे वळून मी कोथिंबिरीची जुडी निवडायला लागले, की लगेच हाक यायची, "अरे, बाई, तुम्ही होय!" कान, मानेचा उतार आणि खांदा एवढं दिसलं की त्यांना पुरे. "चेहरा काय, हसून बदलता येतो," ते म्हणायचे. "मान बदलायला वर्षं लागतात."

रेवा, ओम, सावंत आजोबा गेले हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत की शेवटची दोन वर्षं ते आपल्याकडे चहाला का येत नव्हते. मी विषय बदलला आणि तिकडच्या थंडीबद्दल विचारलं. कागदावर विषय बदलणं मला जमत नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवील.

सर फिजिओथेरपिस्ट होते. आपल्या अंधेरीच्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. एरवी सर स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण आनंद झाला किंवा घाबरले की मालवणीवर येत. रेवा, तू आठवीत असताना सुट्टीत इथे आली होतीस आणि दिवसभर फोनवर वाकून बसायचीस. तुला भिंतीपाशी उभं करून त्यांनी मापलं आणि म्हणाले, "अगो, तुझी मान फोनात गेली ती गेली, आता डोक्याक तरी परत बोलव." तू चिडून दोन दिवस ताठ चाललीस.

त्यांची मापायची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माणसाला अनवाणी उभं करायचं, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवर. मान खाली घालायला सांगायची, म्हणजे मानेच्या तळाशी एक हाड टेंगळासारखं वर येतं. त्यावर बोट ठेवून मग मान मागे न्यायला सांगायची. वरचं हाड बोटाखालून आत सरकतं, हे मात्र जागच्या जागी राहतं. तेच आपलं हाड. त्यावर सर एक गोल मरून टिकली लावायचे, बायकांच्या दुकानातली, साधी. दुसरी टिकली कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यावर. मग बाजूने फोटो, कॅमेरा खांद्याच्या उंचीवर, स्टँडवर, ठरलेल्या अंतरावरून. फोटोच्या प्रतीवर दोन टिकल्या जोडणारी रेघ मारायची, मानेच्या टिकलीतून एक आडवी रेघ मारायची आणि दोन्हींमधला कोन मोजायचा. कोन जितका कमी, तितकं डोकं पुढे आलेलं.

"सरळ उभे राहा" हे शब्द त्यांच्या दवाखान्यात कोणी उच्चारायचे नाहीत. "सरळ राहा म्हटलं की माणूस खोटा उभा राहतो," असं त्यांचं म्हणणं. ते पेशंटला जागच्या जागी दहा पावलं चालायला लावत, तीनदा मान होकारासारखी हलवायला लावत आणि मग विचारत, "आज जेवायला काय केलंय?" माणूस आमटी की कालवण हे आठवत असतानाच कॅमेरा वाजायचा. तीच त्याची खरी मान.

तुमचे आजोबा गेले त्या वर्षी मी घरात कपाटं लावत बसायची. लावलेली कपाटं पुन्हा काढून लावायची. एक दिवस सर वर आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तीस वर्षं भूमिती शिकवलीत. मला एक दुसरा हात पाहिजे." मी म्हटलं, मला मानेतलं काही कळत नाही. ते म्हणाले, "म्हणून तर. तुम्ही फक्त कोन बघा. एकाने मोजलं तर ते मत. दोघांनी एकमेकांचं न बघता मोजलं आणि जुळलं, तर ते माप."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येक फोटोच्या दोन काळ्या-पांढऱ्या प्रती निघायच्या, एक माझी, एक त्यांची. त्यांच्या मुलाने एकदा सुचवलं होतं, फोनवर ॲप आहे, कोन आपोआप येतो. सर म्हणाले, "आणि ठिपका कुठे ठेवायचा ते फोनला कोण सांगणार? तूच ना?" तर माझी शाळेतली पेन्सिल, कोनमापक आणि तपकिरी कव्हर घातलेली वही. तशीच दुसरी वही त्यांची. मी गुरुवारपर्यंत सगळे कोन मोजून माझी वही दवाखान्याच्या खणात ठेवायची. शुक्रवारी ते आपले कोन मोजायचे. शनिवारी सकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवून आम्ही ताळा करायचो. दोन अंशांपर्यंत फरक असला तर चालेल. त्याहून जास्त असला तर दोघांचे आकडे रद्द, पेशंटला परत बोलवायचं, नवा फोटो काढायचा. जुळल्याशिवाय "तुमची मान सुधारली" किंवा "बिघडली" असं कोणाला सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. असं करणारे दुसरे कोणी मी पाहिले नाहीत, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पहिले तीन महिने आमचं मुळीच जुळत नव्हतं. पाच-पाच, सहा-सहा अंशांचा फरक. मी खट्टू होऊन वर यायची. मग हळूहळू जुळायला लागलं. कधी एका अंशाचा फरक, कधी अर्ध्याचा. सर टेबलावर थाप मारायचे, "वा बाई! ह्येका म्हणतत हात!" आणि डब्यातून गावाकडच्या खाज्याचा, म्हणजे गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांडीचा, तुकडा काढून द्यायचे. सत्तरीच्या जवळ पोचल्यावर आपला हात सुधारतो आहे, याचा आनंद कसा असतो ते तुम्हाला आत्ता कळणार नाही. कपाटं लावणं मी सोडून दिलं.

हिराबाई आली ती आमचं जुळायला लागल्यानंतर वर्षभराने. वेसाव्याची कोळीण, पंचेचाळीशीची. डोक्यावर पाटी घेऊन सात बंगल्याच्या सोसायट्यांमधून घरोघरी मासे विकायची. हाताला मुंग्या येत होत्या आणि दोनदा हातातून कोयता निसटला होता. सरांनी पाटी बंद करायला सांगितली आणि व्यायाम दिले. दर महिन्याला यायची आणि दारातूनच ओरडायची, "काय वो सर, माजी मान जाग्यावर आली का नाय? तिकडं माजी जाऊ माजी गिऱ्हाईकं घेऊन बसली. पाटी कवा उचलू ते सांगा!"

"हिराबाई, मान म्हणजे काय बोंबील आहे, उन्हात टाकला आणि झाला?"

"बोंबील असता तर मीच सुकवला असता. तुमाला कशाला त्रास दिला असता?"

मी हसून हसून बेजार व्हायची. तिचा पहिला कोन माझ्या वहीत एक्केचाळीस होता. मग त्रेचाळीस, मग चव्वेचाळीस. सहाव्या महिन्यात मी मोजला तो अठ्ठेचाळीस. शनिवारी ताळा केला, तर सरांच्या वहीत साडेसत्तेचाळीस. त्यांनी दोन थापा मारल्या. हिराबाई बाहेर बाकावर बसलीच होती. "सोमवारपासून पाटी उचल," सर म्हणाले. "आधी अर्धी भर. महिन्याने पुरी." तिने मला मिठी मारली. माझ्या सुती साडीला दिवसभर मासळीचा वास येत होता, आणि मी ती मुद्दाम बदलली नाही.

रविवारी दुपारी मी त्या महिन्याच्या प्रती फायलीत लावत होते. हिराबाईची प्रत हातात आली आणि मला काहीतरी खटकलं. मानेवरची टिकली फार खाली दिसत होती. भिंग घेऊन पाहिलं. ती टिकली नव्हतीच. तिच्या मंगळसूत्राचा एक मोठा काळा मणी पाठीवर सरकला होता, ब्लाउजच्या काठाशी. खरी टिकली दोन बोटं वर, अंबाड्यातून सुटलेल्या केसांच्या बटेखाली अर्धी झाकली गेली होती. काळ्या-पांढऱ्या प्रतीत मरून टिकली आणि काळा मणी सारखेच दिसतात. ठिपका खाली धरला की कोन वाढतो. मी टिकलीवरून पुन्हा मोजला. एकोणचाळीस. म्हणजे सहा महिन्यांत मान सुधारली नव्हतीच, उलट बिघडली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटी उचलणार होती.

एवढी मोठी चूक, तीही माझी. चप्पल घालून मी सरांच्या घराकडे निघाले. जिन्यात थांबले. मी मण्यावरून मोजलं ते खरं, पण मग सरांचा कोन साडेसत्तेचाळीस कसा आला? टिकली त्यांनी स्वतःच्या बोटांनी लावली होती. हाड कुठे आहे ते त्यांना डोळे मिटून सापडतं. दोघं तोच मणी धरून चुकू, असं कसं होईल? खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

सरांनी दार उघडलं. मी बसले नाही. म्हटलं, "सर, हिराबाईची तुमची प्रत दाखवा."

"आता? रविवारी? काय झालं, बाई?"

"दाखवा."

त्यांनी मान खाली घातली आणि किल्ली घेतली. आम्ही दवाखान्यात उतरलो. त्यांच्या टेबलाखालच्या कप्प्यात त्यांच्या प्रतींचा गठ्ठा होता, महिन्यामहिन्याचा, दोरीने बांधलेला. मी हिराबाईची प्रत काढली. तिच्यावर पेन्सिलीची एकही रेघ नव्हती. तिच्या आधीची काढली, त्यावर नाही. मग मी गठ्ठाच सोडला. माझ्या प्रती रेघांनी आणि खोडरबराने मळून गेलेल्या असायच्या. या प्रती झेरॉक्सवाल्याकडून आल्या तशाच होत्या, कडा एकमेकींना चिकटलेल्या, सोडवताना आवाज येत होता. दीड वर्षाच्या खाली गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांच्या प्रती लागल्या. त्यांवर रेघा होत्या.

"तुम्ही माझी वही बघून लिहीत होतात," मी म्हटलं.

ते स्टुलावर बसले. "होय."

"अर्धा अंश वर, एक अंश खाली, असं करून."

"होय. हुबेहूब तोच लिहिला असता तर तुमच्या लक्षात आलं असतं."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, की मला आधी कळलंच नाही काय सांगताहेत ते. मग कळलं. दर शुक्रवारी माझी वही उघडून, कुठे किती वरखाली केलं म्हणजे मला खरं वाटेल, याचा हिशेब ते करत होते. मोजायला लागला असता त्याच्या निम्मा वेळ तरी त्यात जात असेल.

"का?" मी विचारलं.

ते मालवणीवर आले. "बाई, पयल्या तीन महिन्यांत आपला जुळत नाय होता. तुमी ताळो करून वर जायात, तेव्हा तुमचा तोंड माका बघवत नाय होता. नुकतेच साहेब गेलेले. एकदा मी तुमचो आकडो बघून माझो जरा सारखो केलंय. तुमी हसलात. म्हटलं, एक डाव हसल्यात, बरा झाला. मगे..."

"मगे काय?"

"मगे सवय लागली."

"म्हणजे मला हसवायला हिराबाईची मान?" मी विचारलं. मी कधी ओरडत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशीही ओरडले नाही. पण त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

मी त्यांच्या हातात कोनमापक दिला. म्हटलं, हिराबाईचे सहाही फोटो आत्ता मोजा. मीही कोपऱ्यावरून नव्या प्रती काढून आणते आणि पाठ करून मोजते. दवाखान्यात आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसलो होतो, मध्ये फक्त पेन्सिलींचा आवाज. माझा पहिला कोन पुन्हा एक्केचाळीसच आला, त्यांचा चव्वेचाळीस. माझ्या त्रेचाळीसच्या जागी त्यांचा चाळीस. शेवटचा माझा एकोणचाळीस, त्यांचा बेचाळीस. कधी तीनाचा फरक, कधी चाराचा, कधी माझा वर, कधी त्यांचा. सहा महिन्यांत तिची मान सुधारली होती की बिघडली होती, हे त्या आकड्यांवरून कोणालाच सांगता येत नव्हतं. एवढंच सांगता येत होतं, की दीड वर्ष मी एकटीच मोजत होते.

आम्ही रिक्षा करून वेसाव्याला गेलो. हिराबाई ओट्यावर बसून पाटीला नवी चुंबळ वळत होती, डोक्यावर ठेवायची ती, जुन्या लुगड्याची. सरांनी सगळं स्वतः सांगितलं, काहीही न लपवता. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्हंजी बाय, तुमाला पन ठाव नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

"आनि माजी मान कशी हाय, ते कोनालाच ठाव नाय?"

"आज नाही."

"मंग उद्या कोनाला इचारू, तेवढं तरी सांगा." सरांनी तिला मणक्याच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. तिने चिठ्ठी घेतली, पण त्यांच्या हातातून नाही. त्यांना ती ओट्यावर ठेवायला लावली आणि मग उचलली. नंतर तपासणीत निघालं, की मानेत नस दबली आहे, डोक्यावर वजन कायमचं बंद. आता ती बाजारात बसून विकते. जाऊ घरोघरी जाते. गिऱ्हाईकं जावेकडेच राहिली.

सरांनी पुढे जे केलं तेही लिहायला हवं. दीड वर्षातल्या प्रत्येक पेशंटला त्यांनी फोन केला, परत बोलावलं आणि काय झालं ते तोंडावर सांगितलं. काहीजण भांडले, काहीजण आलेच नाहीत. एका पेशंटच्या नवऱ्याने दवाखान्यात येऊन नको ते बोलून घेतलं, आणि सर खाली मान घालून उभे राहिले. महिन्याभराने त्यांनी मला निरोप पाठवला, पुन्हा सुरू करू या, या वेळी वह्यांना दोन कुलपं, एक तुमचं, एक माझं. मी गेले नाही. शनिवारी सकाळी मी देवघर पुसायला काढायची, म्हणजे खाली पाय वळणार नाहीत. जिन्यात भेटलो तर ते "बाई" म्हणायचे, मी "सर" म्हणायची. तुम्हाला मी सांगितलं की ते हल्ली फार कामात असतात. ते खरं नव्हतं, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं याचं मला वाईट वाटतं.

मग त्यांनी दवाखाना विकला आणि कांदिवलीला मुलाकडे राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी माझ्या दाराशी आले. बराच वेळ बेल वाजवली नाही, पण त्यांचा खोकला मला आतून ओळखू आला. मी दार उघडलं.

"माफ केलात?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"बरा," ते म्हणाले. "खोटा 'होय' नको होता माका." मी पाणी दिलं. ते उभ्याउभ्याच प्यायले, भांडं माझ्या हातात परत दिलं आणि जिना उतरले. त्यानंतर आमची भेट नाही.

ते गेल्याचं कळल्यावर मी कांदिवलीला गेले. त्यांच्या सुनेने मला आत बसवलं. लग्न झाल्यापासून ती तिथेच राहिलेली, त्यामुळे मला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच म्हणाली, "तुम्हीच का बाई? बाबा रोज तुमचं नाव काढायचे. सांगायचे, अंधेरीच्या बाईंसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. केसाइतका फरक पडायचा नाही म्हणे." तिचे डोळे भरून आले होते. मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणजे त्या रविवारनंतरही, जिथे मी ऐकायला नव्हते तिथेसुद्धा, ते तेच सांगत राहिले.

तिला मी काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. माझा हात तीन-चार अंशांनी चुकतो. कधी वर, कधी खाली. सरांचाही तसाच चुकत असे. पहिल्या तीन महिन्यांनंतरही त्यांनी मला खरे आकडे दाखवले असते, तर मी आणखी थोडे दिवस खट्टू झाले असते, आणि मग आम्ही दोघांनी बसून ते सुधारलं असतं.